सनद देण्याआधी एक वर्ष कोर्टात बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्यायाधीश होण्यासाठी आधी तीन वर्षं वकिली केलेली असली पाहिजे, या अटीवर आपल्या दैनिकात बरीच पत्रं आली. बहुतेक पत्रं परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींची नाहीतर त्यांच्या पालकांची होती, आणि त्यांचा त्रागा मला समजतो. पदवी हातात पडली की लगेच परीक्षेला बसायचं, असा हिशेब करून त्यांनी पुण्यात खोल्या घेतल्या, क्लास लावले. तरीही सर्वोच्च न्यायालयाचा २० मे २०२५ चा निकाल मला योग्य वाटतो. सरन्यायाधीशपदी तेव्हा आपल्या अमरावतीचे भूषण गवई होते. अट काही नवी नाही. १९९३ मध्ये ती घातली गेली, न्यायाधीशांच्या वेतनासाठी नेमलेल्या शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर २००२ मध्ये काढली गेली, आणि वीसेक वर्षांचा अनुभव घेतल्यावर परत आली. कोर्टाचं कामकाज न पाहिलेल्या पदवीधराला थेट न्यायासनावर बसवणं चांगलं ठरलं नाही, हे बहुतेक उच्च न्यायालयांनीच सांगितलं.

माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे: वकिलाला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, देण्याआधीही एक वर्ष कोर्टात प्रशिक्षण हवं. न्यायासनावर बसणाऱ्याला तीन वर्षं हवीत. मग त्याच्यासमोर उभं राहून लोकांच्या जमिनी, घरं, पोटगी आणि जामीन यांसाठी बोलणाऱ्याला किती हवीत? आजच्या कायद्याप्रमाणे एक दिवसही नको. न्यायाधीशांचं चुकलं तर अपील आहे. वकिलाचं चुकलं तर ती चूक पक्षकाराच्या नावावर पडते, आणि पुष्कळदा अपिलातही ती निघत नाही. मी तीस वर्षांच्या आसपास तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी वकिली करते. नवीन सनद घेतलेली मुलं-मुली माझ्याकडे येतात, समोरच्या बाजूलाही असतात. त्यांच्याविषयी मनात राग ठेवून हे लिहीत नाही. त्यांना आपण काय न शिकवता कोर्टात पाठवतो, याविषयी लिहिते आहे.

अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम २४ मधल्या अटी मोजक्याच आहेत. भारताचं नागरिकत्व, वय २१ पूर्ण, कायद्याची मान्यताप्राप्त पदवी आणि फी. पदवी बारावीनंतर पाच वर्षांची, नाहीतर दुसरी पदवी घेऊन पुढं तीन वर्षांची. प्रवेशासाठी खुल्या गटाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. आपल्या राज्यात शिवाय सीईटी. निकाल लागला की बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे अर्ज करायचा आणि सनद घ्यायची. त्यानंतर दोन वर्षांच्या आत ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हायचं. ही परीक्षा २०११ पासून सुरू आहे. शंभर प्रश्न, चार पर्यायांतला एक निवडायचा, आणि टिपा नसलेली कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात. परीक्षा व्हायच्या आधीसुद्धा काम करता येतं. म्हणजे सनद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो मुलगा वकीलपत्र दाखल करून खुनाच्या खटल्यात उलटतपासाला उभा राहिला, तर कायद्यानं त्याला कोणी हटकू शकत नाही.

यावर कॉलेजवाले म्हणतात, आमच्याकडे इंटर्नशिप आहे. आहे, कागदावर चांगली आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस आठवडे इंटर्नशिप सांगितली आहे. त्याच नियमांत असंही आहे की एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नसावी. आता तालुका कोर्टात एका दाव्याची पुढची तारीख साधारण महिन्या-दीड महिन्यानं पडते. चार आठवडे येणाऱ्या विद्यार्थ्यानं आज एका दाव्यात मनाई अर्जावरचा युक्तिवाद ऐकला, तर त्याचा हुकूम ऐकायला तो कोर्टात नसतो. सरतपास (साक्षीदाराला त्याच्याच बाजूच्या वकिलानं विचारलेले प्रश्न) पाहिला तर उलटतपास चुकतो. त्याच्या वाट्याला सगळे तुकडेच येतात आणि ते जोडून दाखवायला कोणी नसतं. दोन खटल्यांचं निरीक्षण करून लिहायचं, त्याला तीस गुण असतात. त्या वह्या वर्षानुवर्षं एकमेकांच्या बघून उतरवलेल्या मी पाहिल्या आहेत. मे महिन्यात, कोर्टाला सुट्टी असताना, इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटवर सही-शिक्का मागायला मुलं घरी येतात. मी देत नाही, म्हणून वाईट ठरते. दुसरीकडे मिळतो.

मुलं हुशार असतात, हे मुद्दाम सांगते. राज्यघटनेची मूलभूत चौकट आमच्या पिढीपेक्षा त्यांना जास्त नीट येते. १ जुलै २०२४ ला तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हा जुनं कलम आणि नवं कलम यांचे तक्ते आमच्या बार रूममध्ये ज्युनियर मुलींनीच करून लावले आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे विचारायला जात होतो. पण त्यातल्याच एका मुलीला मी पहिल्या आठवड्यात सातबारा वाचायला दिला. चांगल्या कॉलेजची, पहिल्या वर्गाची मुलगी. तिनं वाटपाच्या दाव्याचं कच्चं वादपत्र तयार केलं आणि त्यात प्रतिवादी म्हणून अशा माणसाचं नाव घातलं, ज्याच्या नावाला सातबाऱ्यावर कंस होता. कंस झाला म्हणजे ते नाव कमी झालेलं असतं, त्याच्या शेजारी फेरफाराचा नंबर असतो, तो फेरफार काढून पाहायचा म्हणजे तो माणूस कधी वारला आणि वारस कोण लागले ते कळतं, हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. ‘इतर हक्क’ या रकान्यात बहिणींची नावं होती. ती तिनं पक्षकारांत घेतली नाहीत, कारण तिच्या मते त्या मालक नव्हत्या. ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणजे काय, तेही विचारलं. यातलं काहीच तिच्या अभ्यासक्रमात नव्हतं. आणि खानापूर-आटपाडीच्या बाजूला आमच्या हाती येणारे निम्म्याहून जास्त दिवाणी दावे याच कागदापासून सुरू होतात.

तिला दोन महिन्यांत सगळं आलं. आज ती स्वतंत्र काम करते आणि चांगलं करते. पण ते दोन महिने ती माझ्या टेबलाशी होती, म्हणून तिचं वादपत्र माझ्या हाताखालून गेलं. ज्यांना कोणाचं टेबल मिळत नाही, त्यांची वादपत्रं थेट कोर्टात जातात.

असं एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून कोर्ट, साल, गाव देत नाही. आमच्या भागातली पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला राहतात आणि साठवलेला पैसा गावाकडच्या जमिनीत घालतात. अशाच एकानं साठेखत, म्हणजे पुढं खरेदी करायचा करार, करून जमीन घेतली, बरीचशी रक्कम इसारापोटी दिली. पुढं जमीनमालक खरेदीखत करून देईना. त्यानं दावा लावला. वकील नवा होता, सनद घेऊन वर्षही झालं नव्हतं. मी जमीनमालकाच्या बाजूनं होते. वादपत्रात चतुःसीमा चुकल्या होत्या, उत्तर आणि दक्षिण यांची अदलाबदल झाली होती. मी कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) तशी हरकत घेतली. यावर उपाय अगदी नेहमीचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६ रूल १७ खाली दुरुस्ती अर्ज द्यायचा, फार तर थोडा खर्च बसतो आणि दावा पुढं चालतो. त्या मुलाला वाटलं, चुकीचा दावा काढून घ्यावा आणि बरोबर चतुःसीमा घालून नवा लावावा. पुढच्या तारखेला त्यानं एका ओळीची पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) दिली: वादीस सदरचा दावा चालवणे नाही, सबब दावा निकाली काढावा. कोर्टानं त्याप्रमाणे हुकूम केला.

त्या ओळीत आणखी चार-पाच शब्द हवे होते. नवीन दावा दाखल करण्याची मुभा राखून, असे. ती मुभा कोर्टाकडे अर्ज करून, कारण दाखवून मागायची असते आणि कोर्टानं हुकमात द्यायची असते. ती नसेल तर ऑर्डर २३ रूल १ प्रमाणे त्याच विषयावर पुन्हा दावा लावता येत नाही. नवा दावा आला, चतुःसीमा अगदी बरोबर होत्या, आणि माझ्या पक्षकाराची वकील म्हणून ही हरकत घेणं माझं कर्तव्य होतं. मी घेतली. दावा टिकला नाही. हुकमाच्या दिवशी तो माणूस दोन रात्रींचा रेल्वे प्रवास करून आला होता. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यानं मलाच विचारलं, “मॅडम, चूक चतुःसीमेचीच होती ना? ती तर आम्ही सुधारली होती.” मी समोरच्या पक्षाची वकील, मला त्याला सल्ला देता येत नव्हता. त्याच्या स्वतःच्या वकिलाला ते समजावून सांगता येत नव्हतं.

तो मुलगा आळशी नव्हता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पेपरला त्याला उत्तम गुण होते. ऑर्डर २३ वर टीप लिहा म्हटलं असतं तर त्यानं पानभर लिहिली असती. पण दावा काढून घेण्याची पुरसीस कशी लिहितात, ती देण्याआधी न्यायाधीशांसमोर तोंडी काय सांगायचं असतं, हे त्यानं कधी कोणाला करताना पाहिलं नव्हतं. एक वर्ष कोणाच्या मागं बसला असता तर अशा दहा-बारा पुरसिशी त्याच्या डोळ्यांखालून गेल्या असत्या. पुढं त्यानं वकिली सोडली असं ऐकलं. मला वाटतं, त्याचंही नुकसानच झालं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं नवंच काहीतरी मागणं आहे. तसं नाही. १९६१ चा कायदा झाला तेव्हा त्याच्या कलम २४(१)(ड) मध्ये होतंच: पदवीनंतर प्रशिक्षण घ्यायचं, त्यानंतर परीक्षा द्यायची, आणि मग सनद. माझे सीनियर त्या पिढीतले. ते मला सांगायचे की त्या दिवसांत आपण वकील आहोत असं मनात यायच्या आधी महिनोन्‌महिने रोजनामे, म्हणजे तारखेतारखेच्या कामकाजाच्या कोर्टातल्या नोंदी, वाचायची सवय लागायची. १९७३ च्या दुरुस्तीनं ते कलम काढून टाकलं. पदवी तीन वर्षांची झाली आहे, तेवढं शिक्षण पुरेसं आहे, असा तेव्हाचा विचार. पुढं बार कौन्सिल ऑफ इंडियानं १९९५ मध्ये एक वर्षाच्या प्रशिक्षणाचे नियम केले, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये व्ही. सुधीर खटल्यात ते रद्द ठरवले. का, तर संसदेनं कायद्यातून काढलेली अट कौन्सिलला नियम करून परत आणता येणार नाही म्हणून. प्रशिक्षणाची गरज नाही, असं त्या निकालात कुठं म्हटलेलं नाही. प्रश्न अधिकाराचा होता. मग १० फेब्रुवारी २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं, बार एक्झाम वैध ठरवताना, सुधीर निकालातला तो अधिकारांचा संकुचित अर्थ बरोबर नसल्याचं सांगितलं. वकिलीच्या दारात कोणाला घ्यायचं, यासाठी परीक्षा सनदेआधी ठेवायची की नंतर, हेही कौन्सिलवर सोपवलं.

म्हणजे चोवीस वर्षं जी अडचण पुढं केली जात होती, ती आता तेवढी राहिलेली नाही. तरीही मला वाटतं की हे नियमानं करू नये, संसदेनं कलम २४ मध्येच दुरुस्ती करावी. नियमाला उद्या कोणीतरी आव्हान देईल, स्थगिती येईल, आणि एका तुकडीच्या मुलांना एक न्याय, दुसऱ्या तुकडीच्या मुलांना दुसरा, असं होईल. वयाच्या अटीचं असंच झालं. कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला वीस आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीस वर्षांची वयोमर्यादा घातली, मागं घेतली, परत आणली, मग २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. दरम्यान किती जणांची वर्षं गेली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

दुसऱ्या व्यवसायांकडे पाहा. एमबीबीएस झालेल्या मुलाला एक वर्ष इंटर्नशिप केल्याशिवाय कायमची नोंदणी मिळत नाही. पेशंटला त्यात काही गैर वाटत नाही. सीए होणाऱ्याला दोन वर्षं आर्टिकलशिप करावी लागते. आपल्याच मुंबईत सॉलिसिटरची परीक्षा द्यायची तर आजही आधी सॉलिसिटरच्या हाताखाली आर्टिकलशिप काढावी लागते. जमीन गेलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या, पोलिसांनी उचललेल्या माणसाच्या वकिलाला मात्र आपण काहीच विचारत नाही.

खरी हरकत पैशाची आहे, आणि तिच्यावर थोडं सविस्तर लिहायला हवं. कारण ती हरकत मला स्वतःला फार बोचते. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी पुष्कळ घरातल्या पहिल्याच पदवीधर असतात. एकीची आई ऊसतोडीला जाते. पाच वर्षं शिकवून आईबाप टेकीला आलेले असतात, लग्नाचा तगादा असतो, आणि त्यात आपण सांगायचं की आणखी एक वर्ष बिनपैशाचं काढ, मग सनद. ज्यांचे वडील-काका वकील आहेत त्यांचं वर्ष घरच्याच ऑफिसात सहज निघेल. बाकीच्यांना परवडणार नाही आणि वकिली परत चार घराण्यांत राहील. माझ्या सूचनेचा असा परिणाम होणार असेल, तर ती अमलात न आलेली बरी.

म्हणून माझं म्हणणं असं की विद्यावेतनाशिवाय प्रशिक्षण नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढलं की ज्युनियरना शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत. ती शिफारस आहे, बंधन नाही. तालुका कोर्टातल्या बहुसंख्य वकिलांची स्वतःचीच महिन्याची आवक इतकी अनिश्चित असते की पंधरा हजार नेमानं देणं त्यांना जमत नाही. तो भार सीनियरवर टाकला तर सीनियर ज्युनियर घेणंच बंद करतील. पैसा सामायिक निधीतून यायला हवा. आपल्याकडे १९८१ च्या कायद्यानं वकील कल्याण निधी आहेच, आणि प्रत्येक वकीलपत्रावर त्याचं तिकीट आम्ही लावतोच. त्यात थोडी वाढ करावी, राज्य सरकारनं तितकीच भर घालावी. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये तेव्हाच्या सरकारनं नव्या वकिलांना महिना पाच हजार द्यायची योजना सुरू केली होती. रक्कम लहान, पण सरकारनं द्यायचं ठरवलं तर देता येतं, हे त्यातून दिसलं. आणि ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सनदेची फी कायद्यात लिहिली आहे तेवढीच, म्हणजे ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये; त्याहून जास्त घेता येणार नाही. त्याआधी राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जात. गरिबांच्या मुलांसमोरची ती भिंत न्यायालयानं पाडली, याचा मला मनापासून आनंद झाला. तिच्या जागी आपण दुसरी उभी करायची नाही.

दुसरी भीती राबवून घेण्याची. ती अगदी खरी आहे. ज्युनियर म्हणजे नकला आणायला, झेरॉक्स काढायला, सीनियरच्या मुलाला शाळेतून आणायला, असं समजणारे लोक आमच्या पेशात आहेत. मुलींच्या बाबतीत याहून वाईटही घडतं आणि त्या बोलत नाहीत, कारण सनद घेऊन तिथंच काम करायचं असतं. म्हणून प्रशिक्षण एकाच वकिलाच्या मर्जीवर ठेवू नये. सहा महिने वकिलाकडे, तीन महिने सरकारी वकिलांच्या कार्यालयात आणि तीन महिने गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीकडे, असं वाटून द्यावं. विधी सेवा समितीत त्यांना तुरुंगातला बंदी भेटेल, पोटगीसाठी आलेली बाई भेटेल, लोकअदालतीत तडजोड कशी होते ते दिसेल. सीनियर बदलून मागायचा हक्क असावा आणि त्याचं कारण फक्त जिल्हा न्यायाधीशांना सांगावं लागावं.

वर्षभर खरंच काम केलं की नुसतं सर्टिफिकेट आणलं, हे कसं ठरवायचं? त्याचीही सोय आता झालेली आहे. मे २०२५ च्या निकालात तीन वर्षांच्या वकिलीचा दाखला किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलानं द्यायचा आणि त्यावर त्या जिल्ह्याच्या प्रधान न्यायिक अधिकाऱ्यांचं शिक्कामोर्तब हवं, असं ठरलं आहे. तीच पद्धत इथं लावावी. सोबत एक वही. तिच्यात उमेदवारानं स्वतःच्या हातानं लिहिलेली वादपत्रं, कैफियती, निशाणी ५ चे (तात्पुरत्या मनाईचे) अर्ज, जामीन अर्ज, नोटिसा असाव्यात. कोणता उलटतपास पाहिला आणि त्यात साक्षीदाराकडून काय काढलं, ते असावं. तहसीलदार आणि प्रांतांपुढच्या सुनावण्या असाव्यात. शेवटी जिल्हा न्यायाधीशांनी किंवा त्यांनी नेमलेल्या कोणी त्या वहीवर अर्धा तास तोंडी प्रश्न विचारावेत. ज्यानं स्वतः लिहिलेलं नाही, तो पाचव्या मिनिटाला उघडा पडतो.

यात मराठीचाही प्रश्न आहे. आमच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. वादपत्र मराठीत, साक्ष मराठीत, बरेच हुकूम मराठीत. कॉलेजात मात्र पुष्कळ ठिकाणी सगळं इंग्रजीतून शिकवतात. नवीन वकील चांगलं इंग्रजी वादपत्र लिहितो, पण ज्या शेतकऱ्याच्या नावानं ते लिहिलंय त्याला ते वाचून दाखवता येत नाही, आणि तरी तो शेतकरी मजकूर समजल्याचा शपथपूर्वक सत्यलेख खाली सही करून देतो. उलटतपासात त्याला त्याच्याच वादपत्रातलं वाक्य विचारलं की तो गप्प बसतो. पक्षकाराच्या तोंडची हकिगत कायद्याला लागते तशी मराठीत मांडणं, हे तालुका कोर्टातच शिकता येतं. त्यासाठी मुंबई-पुण्याला राहायचा खर्चही नाही. एसटीनं घरून येऊन होतं.

कॉलेजांनाही थोडं सांगायचं आहे. नवी विधी महाविद्यालयं काढण्यावर बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑगस्ट २०२५ मध्ये तीन वर्षांची बंदी जाहीर केली. ही तीन वर्षं आहेत त्या कॉलेजांची इंटर्नशिप तपासायला वापरावीत. सलग चार आठवड्यांची मर्यादा काढून शेवटचं सत्र पूर्णपणे कोर्टात घालवू द्यावं. कायदादुरुस्तीची वाट पाहण्याचं यात कारण नाही. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बार एक्झामला बसू द्यायला सांगितलं, ते याच दिशेचं होतं. पदवी आणि बार एक्झाम यांच्यातला रिकामा काळ वाचला, की प्रशिक्षणाचं वर्षही मुलांना जड जाणार नाही.

आमच्या भागातल्या खासदारांना मी कलम २४ च्या दुरुस्तीचा कच्चा मसुदा करून पाठवला आहे. राज्य बार कौन्सिलच्या सदस्यांनी यावर आपली भूमिका उघडपणे सांगावी. मतं मागायला ते आमच्या बार रूममध्ये येतात, तेव्हा मी हाच प्रश्न विचारते आणि पुढंही विचारीन. आणि तोवर: आमच्या कोर्टात दहा वर्षांहून जास्त वकिली केलेले आम्ही काही जण पदवीच्या शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांना पूर्ण सत्रभर सोबत घ्यायला तयार आहोत. सांगली, सातारा, सोलापूरकडच्या ज्या विधी महाविद्यालयांना आपली मुलं पाठवायची असतील, त्यांच्या प्राचार्यांनी आपल्या दैनिकाच्या कार्यालयामार्फत मला कळवावं. दिवाणी, फौजदारी आणि महसूल अशा तिन्ही कामांची सोय होईल. जेवणाचा डबा आणि एसटीचा पास आमच्याकडून. वही मात्र विद्यार्थ्यानं स्वतः लिहायची आहे.

आपली विश्वासू,
एक दिवाणी वकील, विटा (जि. सांगली)

(माझं नाव व पत्ता आपल्या दप्तरी दिला आहे. वर सांगितलेल्या प्रकरणातल्या पक्षकारांची ओळख पटू नये म्हणून तो छापू नये, ही विनंती.)